बी-एस ते दोन म्यूऑन : अब्जात तीन-चार घटना शोधण्याच्या तालमीच्या नोंदी

२ जून २०२५ : कामाची हद्द

बी-एस मेसॉनचा (एक क्वार्क आणि एक अँटी-क्वार्क यांच्या कणाचा) दोन म्यूऑनमध्ये (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडांमध्ये) होणारा क्षय हा विषय. एलएचसी या जिनिव्हाजवळच्या प्रोटॉन-टक्कर यंत्रावरच्या सीएमएस प्रयोगाचा २०१२ चा खुला डेटा आणि स्वतः चालवलेलं सिम्युलेशन घेऊन या शोधाची साखळी पहिल्या कडीपासून शेवटच्या कडीपर्यंत उभी करायची आहे. नवा निकाल काढायचा नाही, तो लागलेला आहे. एलएचसीबी या तिथल्याच दुसऱ्या प्रयोगाने नोव्हेंबर २०१२ मध्ये पहिला पुरावा मांडला. सीएमएस आणि एलएचसीबी यांचा २०११-१२ चा डेटा एकत्र केल्यावर २०१५ मध्ये ६.२ सिग्मा (निव्वळ योगायोगाने एवढं दिसणं किती अशक्य, याचं माप) मिळाले. पुढे सीएमएसने २०१६ ते २०१८ च्या १४० व्यस्त फेमटोबार्न (जमलेल्या टकरींचं माप) डेटातून, एक अब्ज बी-एसपैकी ३.८३ असे फुटतात, हा आकडा दिला, त्यातली निव्वळ संख्येमुळे येणारी अनिश्चितता साधारण ०.३७. स्टँडर्ड मॉडेलचं (कणभौतिकीच्या प्रचलित सिद्धांताचं) भाकीत अब्जात ३.६६, अधिक-उणे ०.१४.

नवं भौतिकशास्त्र इथे असेल तर ते या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आहे. ती जागा किती रुंद हे ठरतं अंशावर जितकं, तितकंच छेदावर: एकूण किती बी-एस तयार झाले, त्यातले किती डिटेक्टरला दिसू शकले. शोधाच्या गोष्टीत सगळं लक्ष आलेखातल्या शिखराकडे जातं. या नोंदींत जास्त जागा छेदाला आणि खोट्या शिखरांना दिली आहे, कारण वेळ तिथेच जातो.

क्षय इतका विरळ का, याचा हिशेब आधी लिहून ठेवतो. बी-एसमध्ये एक अँटी-बॉटम आणि एक स्ट्रेंज क्वार्क असतो. दोघांचा विद्युतभार मिळून शून्य होतो, पण चव (क्वार्कचा प्रकार) वेगळी, त्यामुळे साध्या एका झेड बोसॉनमधून दोघे नाहीसे होऊ शकत नाहीत. टॉप क्वार्क आणि डब्ल्यू बोसॉन यांचा फेरा घ्यावा लागतो. त्या फेऱ्यात टॉप-स्ट्रेंज जोडणीचा ०.०४ च्या आसपासचा गुणक येतो. त्यावर हेलिसिटीचं (फिरकी गतीच्या दिशेला आहे की उलट, याचं) कुलूप: मेसॉनची फिरकी (स्पिन) शून्य, म्हणून दोन्ही म्यूऑनची हेलिसिटी सारखी हवी, आणि दुर्बल बलाला ते फक्त म्यूऑनच्या वस्तुमानामुळे थोडंसं जमतं. या कुलपाची किंमत म्यूऑनचं दुप्पट वस्तुमान भागिले बी-एसचं वस्तुमान, आणि त्याचा वर्ग: २११.३ भागिले ५३६६.९ म्हणजे ०.०३९४, वर्ग ०.००१५५. इलेक्ट्रॉनसाठी तोच वर्ग आणखी सुमारे ४२,७५० पटींनी लहान होतो, म्हणून इलेक्ट्रॉन-जोडीचा क्षय आजच्या डेटात दिसणारच नाही. दिसला, तर ते थेट नवं भौतिकशास्त्र.

म्हणूनच हा क्षय मोलाचा. एखादा जड अदिश (शून्य फिरकीचा) कण यात भाग घेत असेल, तर त्याला हेलिसिटीचं कुलूप लागू होत नाही, आणि त्याचा लहानसा वाटासुद्धा उठून दिसतो.

५ जून : हलकी फाइल, आणि तिने काय होत नाही

सुरुवात सीएमएसच्या खुल्या डेटातल्या म्यूऑनपुरत्या छाटलेल्या २०१२ च्या फाइलने केली. ६ कोटी १५ लाख घटना, आणि प्रत्येक घटनेत सहाच रकाने: म्यूऑनची संख्या, आडवा संवेग, स्यूडोरॅपिडिटी (ईटा, किरणरेषेशी होणाऱ्या कोनाचं माप), फाय कोन, वस्तुमान, विद्युतभार. रूट या विश्लेषण-सॉफ्टवेअरच्या आरडेटाफ्रेममध्ये विरुद्ध भाराचे बरोब्बर दोन म्यूऑन निवडायचे, जोडीचं वस्तुमान काढायचं, आणि ०.२५ ते ३०० जीईव्हीपर्यंत (कणांच्या वस्तुमानाचं एकक, त्याचा हजारावा भाग म्हणजे एमईव्ही) लॉग अक्षावर हिस्टोग्राम भरायचा. बहुनळी (मल्टिथ्रेडेड) धाव चालू केली की साध्या लॅपटॉपवरही काम चटकन उरकतं.

ईटा, रो-ओमेगा, फाय, जे-साय, साय-प्राइम, तीन अप्सिलॉन, झेड अशा कणांच्या शिखरांचा सगळा जिना एका चित्रात दिसतो. ५.३७ जीईव्हीवर मात्र काही नाही, आणि या फाइलमध्ये कधी दिसणारही नाही. कारण ट्रॅक नाहीत, व्हर्टेक्स (ट्रॅक जिथून निघाले तो बिंदू) नाही. दोन म्यूऑन एकाच बिंदूतून निघाले का, आणि तो बिंदू टकरीच्या जागेपासून दूर आहे का, हे दोन प्रश्न विचारता येत नसतील तर बी-एस शोधणं शक्य नाही. ही फाइल फक्त वस्तुमानाची पट्टी तपासायला वापरायची.

९ जून : ७ एमईव्ही कुठे गेले

जे-सायचं शिखर ३.०९७ जीईव्हीवर हवं. आमचं ७ एमईव्ही खाली येत होतं. पहिला संशय चुंबकीय क्षेत्राच्या नकाशावर आणि ट्रॅकरच्या मांडणीवर गेला, आणि तो चुकीचा होता. चूक सूत्रात होती.

वस्तुमानाचं झटपट सूत्र असं: दोन्ही आडव्या संवेगांचा गुणाकार, गुणिले २, गुणिले (डेल्टा-ईटाचा कॉश उणे डेल्टा-फायचा कॉस), आणि त्याचं वर्गमूळ. ते म्यूऑनला वस्तुमानहीन मानतं. झेडसाठी फरक नगण्य. पण जोडीच्या वस्तुमानाच्या वर्गात खरं तर म्यूऑन-वस्तुमानाच्या वर्गाची निदान चौपट भर पडायला हवी, म्हणजे ०.०४४७ जीईव्ही-वर्ग. जे-सायजवळ याचा अर्थ ७.२ एमईव्ही, बी-एसजवळ ४.२. चार-संवेग बेरजेचं पूर्ण सूत्र लावल्यावर शिखर जागेवर आलं.

हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण "डेटा हलला आहे" असं ठरवून सगळ्या संवेगांना एक गुणक लावून टाकण्याचा मोह फार होतो. तसं केलं असतं तर जे-साय बरोबर बसला असता आणि बी-एस ८ एमईव्ही वर सरकला असता.

दोन किरकोळ पण कायमच्या गोष्टी. शिखराची डावी शेपूट लांब असते, कारण म्यूऑन निघताना फोटॉन फेकतो, म्हणून गाउसियन बसत नाही आणि एका बाजूला लांब शेपूट असलेला क्रिस्टल बॉल आकार घ्यावा लागतो. आणि शिखराची रुंदी ईटाप्रमाणे बदलते, म्हणून सगळा डेटा एकाच फिटमध्ये ओतायचा नाही.

रुंदीचा आकडा पुढच्या सगळ्या कामाला पुरतो. सीएमएसमध्ये बी-एसच्या वस्तुमानाजवळ ती मधल्या भागात सुमारे ३२ एमईव्ही, आणि ईटा १.८ च्या पलीकडे ७५ एमईव्ही. बी-एस आणि बी-शून्य (स्ट्रेंजच्या जागी डाउन क्वार्क असलेलं त्याचं भावंड) यांच्यात अंतर ८७ एमईव्ही. म्हणजे मध्यभागी दोन शिखरं २.७ सिग्मा (इथे शिखराची रुंदी) दूर, कडेला १.२ सिग्मासुद्धा नाहीत. कडेच्या घटना टाकून द्यायच्या नाहीत, पण त्यांची वेगळी वर्गवारी हवीच.

१३ जून : पूर्ण डेटा वाचणं

व्हर्टेक्ससाठी २०१२ च्या म्यूऑनिया डेटासंचाच्या एओडी (ट्रॅकसह पुनर्रचित घटनांच्या) फाइली लागतात. त्या जुन्या सॉफ्टवेअरने, म्हणजे सीएमएसएसडब्ल्यूच्या ५.३.३२ आवृत्तीनेच, नीट वाचल्या जातात. आजच्या लिनक्सवर ती थेट बसत नाही, सीएमएसने दिलेला डॉकर कंटेनर घ्यायचा.

अडलं ते इथे:

ग्लोबल टॅग (डिटेक्टरच्या मांडणीच्या नोंदींचा संच) २०११ चा राहिला होता. प्रोग्राम तक्रार न करता चालतो, पण ट्रॅकरची मांडणी दुसऱ्याच वर्षाची लागते. संरचना-फाइलमध्ये वर्ष आणि टॅग यांची जोडी तपासणारी ओळ आता घातली आहे.

प्रमाणित धावांची यादी, जिला सगळे गोल्डन जेसन म्हणतात, ती लावण्याचा क्रम चुकला होता. संरचना-फाइलमध्ये इनपुट फाइलींच्या ओळीनंतर ती लावायची. आधी लावली तर गप्पपणे पुसली जाते आणि डिटेक्टरचा काही भाग बंद असतानाचा डेटाही आत येतो.

संपूर्ण संच उतरवून घेण्याच्या भानगडीत पडू नये. एक्सरूटडीने दुरून वाचायचा, पहिल्याच फेरीत दोन म्यूऑन आणि ४.९ ते ५.९ जीईव्ही इतकी चाळणी लावायची, आणि उरलेली छोटी फाइल जवळ ठेवायची. जोडीला जे-साय अधिक एक ट्रॅक अशा घटनांची दुसरी चाळणी त्याच फेरीत लावावी. नंतर आठवण झाली तर सगळं वाचन पुन्हा.

१८ जून : सिम्युलेशन

तीन प्रोग्राम: पायथिया ८ ने टक्कर, इव्हटजेनने क्षय, फोटोसने म्यूऑनचे फोटॉन.

पायथियात थेट बॉटम-जोडी बनवण्याचा पर्याय सोपा आणि वेगवान आहे, पण त्यात फक्त दोन ग्लुऑन, किंवा क्वार्क आणि अँटी-क्वार्क, थेट आपटून जोडी तयार होते. एलएचसीच्या ऊर्जेला बॉटम क्वार्कांचा मोठा हिस्सा ग्लुऑन फुटून, किंवा प्रोटॉनमधलाच बॉटम क्वार्क बाहेर काढला जाऊन येतो. या तिन्ही वाटांत बी-एसच्या आजूबाजूची गर्दी वेगळी असते. नुसत्या पहिल्या वाटेवर आयसोलेशन (बी-एसभोवती किती मोकळं आहे याचं माप) शिकवलं तर ते प्रत्यक्षापेक्षा चांगलं दिसतं. सर्वसाधारण क्यूसीडी (तीव्र बलाच्या सगळ्या टकरी) चालवून त्यातून बी-एस असलेल्या घटना निवडणं हळू आहे, पण तेच करायचं. वेग हवा असेल तर हॅड्रॉन (क्वार्कांपासून बनलेले कण) तयार झाल्यानंतरचा टप्पा त्याच टकरीवर पुन्हा पुन्हा चालवावा.

दुसरा खड्डा इव्हटजेनमध्ये. बी-एसला म्यूऑन-जोडीचा क्षय सक्तीचा केला आणि अँटी-बी-एसला सांगायचं राहिलं, तर निम्म्या घटना नेहमीच्या क्षयांकडे जातात आणि कार्यक्षमता बरोब्बर अर्धी येते. कार्यक्षमतेत अचूक दोनचा फरक दिसला की आधी ही ओळ पाहावी.

पार्श्वभूमी (सिग्नलसारख्या भासणाऱ्या इतर घटना) मात्र सिम्युलेशनने काढण्याचा नाद सोडला. ८ टीईव्हीवर २० व्यस्त फेमटोबार्नमध्ये बॉटम-जोड्या काही लाख कोटी होतात. तेवढ्या घटना कोणी बनवू शकत नाही. ती खऱ्या डेटाच्या बाजूपट्ट्यांतूनच (सिग्नलच्या वस्तुमानाच्या दोन्ही बाजूंच्या भागांतून) घ्यायची.

२४ जून : उड्डाण

बी-एसचं आयुष्य १.५२ पिकोसेकंद. प्रकाशवेगाने गुणलं तर ४५६ मायक्रोमीटर. आडवा संवेग १० जीईव्ही असेल तर १० भागिले ५.३६७ या गुणकाने ते आडव्या प्रतलात सरासरी ८५० मायक्रोमीटर होतं. हे अंतर पिक्सेल डिटेक्टरला स्पष्ट दिसतं, आणि सगळी निवड त्यावर उभी आहे.

कट (निवडीची अट) अंतरावर लावायचा नाही, अंतर भागिले त्याची अनिश्चितता यावर लावायचा. दोन म्यूऑन जवळजवळ समांतर असले की व्हर्टेक्स लांबीच्या दिशेने ताणला जातो आणि अंतर खोटंच मोठं येतं.

मूळ टक्कर कोणती, हा प्रश्न वाटला त्यापेक्षा अवघड निघाला. २०१२ मध्ये एका क्रॉसिंगमध्ये (प्रोटॉनचे दोन गुच्छ एकमेकांतून जाताना) सरासरी २१ टकरी होत. नेहमीची सवय म्हणजे ज्या टकरीतून जास्त संवेग निघाला ती निवडायची. बी-एसच्या घटना तेवढ्या जोरकस नसतात, त्यामुळे या सवयीने दुसरीच टक्कर हाती येते, पॉइंटिंग कोन (संवेग आणि उड्डाण यांच्या दिशांमधला) बिघडतो आणि खरा सिग्नल कटमध्ये मरतो. बरोबर पद्धत: म्यूऑन-जोडीचा संवेग मागे ताणायचा, तो किरणरेषेला जिथे जवळ येतो तिथली टक्कर घ्यायची. आणि ती टक्कर दोन्ही म्यूऑन वगळून पुन्हा फिट करायची, नाहीतर म्यूऑन तिला स्वतःकडे ओढतात आणि उड्डाण आखूड दिसतं.

१ जुलै : आयसोलेशन

सीएमएसची व्याख्या जशीच्या तशी घेतली: जोडीचा आडवा संवेग भागिले (तोच अधिक ०.७ त्रिज्येच्या शंकूतल्या, ०.९ जीईव्हीपेक्षा जास्त आडव्या संवेगाच्या ट्रॅकांची बेरीज). फक्त त्याच टकरीचे, किंवा कुठल्याच टकरीला न जोडलेले पण व्हर्टेक्सजवळून जाणारे ट्रॅक मोजायचे. सगळे मोजले तर आयसोलेशन टकरींच्या संख्येवर अवलंबून राहतं. तपासणी म्हणून टकरींच्या संख्येसमोर कार्यक्षमता काढली, रेघ सपाट हवी.

४ जुलै : छेद

एकूण बी-एस किती झाले हे थेट मोजता येत नाही. बॉटम-निर्मितीची शक्यता, ल्युमिनॉसिटी (टकरींचं प्रमाण), ट्रिगर (घटना ठेवायची की टाकायची हे तत्काळ ठरवणारी यंत्रणा), सगळ्यांच्या अनिश्चितता गुणाकारात येतील. म्हणून ओळखीच्या क्षयाशी गुणोत्तर काढायचं: बी-प्लस (स्ट्रेंजच्या जागी अप क्वार्क असलेलं भावंड) ते जे-साय अधिक केऑन (स्ट्रेंज क्वार्क असलेला हलका मेसॉन), आणि पुढे जे-साय ते दोन म्यूऑन. दोन्हीकडे म्यूऑन-जोडी आहे, त्यामुळे बऱ्याच चुका एकमेकींना खाऊन टाकतात.

हिशेब असा. बी-प्लसच्या क्षयाचं प्रमाण हजारात १.०२, जे-सायचं ५.९६ टक्के, गुणाकार लाखात ६.०८. अब्जात ३.६६ ला त्याने भागलं तर लाखात ६.०२ येतं, म्हणजे प्रमाण-क्षयाच्या एका लाखामागे सहा. पण बॉटम क्वार्क बी-एस होण्याची शक्यता बी-प्लसच्या फक्त ०.२३९ पट आहे, हे एलएचसीबीचं ७ आणि ८ टीईव्हीवरचं मोजमाप. त्याने गुणलं की उरतात १.४४. शेवटी दोन्ही कार्यक्षमतांचं गुणोत्तर. केऑनचा जादा ट्रॅक पकडावा लागत नसल्याने ते सिग्नलच्या बाजूने असतं. समजा २ आहे, तर फिटमध्ये जे-साय-केऑनच्या एक लाख घटना मिळाल्या की सिग्नलच्या साधारण ३ घटनांची अपेक्षा ठेवायची. शंभर हव्यात तर प्रमाण-क्षय ३५ लाख.

हे गणित प्रत्येकाने एकदा कागदावर करावं. पुढे कुठलाही कट कितपत परवडतो, ते त्यावरून लगेच कळतं.

प्रमाण-क्षयाचा फिट सोपा वाटतो, पण त्यात दोन परके येतात. जे-साय-पायॉनचा क्षय जे-साय-केऑनच्या साधारण ४ टक्के असतो, आणि पायॉनला केऑन मानल्यामुळे तो शिखराच्या उजवीकडे चढतो. डावीकडे ५.१५ जीईव्हीच्या आसपास खांदा दिसतो: जे-साय, केऑन आणि एक हरवलेला पायॉन. खांदा एक्स्पोनेन्शियलने भरायचा प्रयत्न केला तर शिखराची संख्या हलते. त्याला स्वतंत्र आकार दिला.

०.२३९ या आकड्याबद्दल सावधगिरी. हे गुणोत्तर आडव्या संवेगाबरोबर घटतं, आणि १३ टीईव्हीवर ०.२५४ आहे. एलएचसीबी पुढच्या दिशेला पाहतो, सीएमएस मधल्या भागात जास्त संवेगाचे मेसॉन पाहतो. म्हणून सीएमएसने आपल्या १३ टीईव्हीच्या विश्लेषणात ०.२३१ वापरला. एकीकडचा आकडा उचलून दुसरीकडे लावणं म्हणजे काही टक्क्यांची चूक निमूटपणे पदरात घेणं. यातून सुटायला बी-एस ते जे-साय-फाय प्रमाण म्हणून घ्यावं असं सुचतं. पण त्या क्षयाचं स्वतःचं प्रमाणही बऱ्याच अंशी याच गुणोत्तराच्या आधाराने मोजलेलं आहे. अडचण फक्त एक खोली आत सरकते.

११ जुलै : खोटे म्यूऑन

दोन हॅड्रॉन दोघेही म्यूऑन म्हणून ओळखले गेले, तर ते शिखर करतात, आणि बाजूपट्टीत त्यांचा मागमूस नसतो. सर्वांत धोकादायक पार्श्वभूमी हीच.

केऑनचं आयुष्य प्रकाशवेगाने गुणलं तर ३.७१ मीटर. ५ जीईव्हीचा केऑन सरासरी ३८ मीटर जातो, ट्रॅकरच्या १.२ मीटरमध्ये त्यातले ३ टक्के फुटतात, आणि फुटलेल्यांपैकी ६४ टक्के म्यूऑन देतात. म्हणजे शंभरात दोन. तोच हिशेब पायॉनला लावला तर सरासरी २८० मीटर, म्हणून फुटणारे अर्ध्या टक्क्याहून कमी, पण ते जवळजवळ सगळे म्यूऑनच देतात. फुटताना ट्रॅक वाकतो. ट्रॅकच्या फिटची गुणवत्ता, वाकण्याची खूण, आणि आतल्या व बाहेरच्या संवेगाचा मेळ पाहून शंभरातले दोन हजारात एकापर्यंत खाली आणायचे. न फुटता कॅलोरिमीटर पार करणारेही काही असतात. सोलेनॉइडच्या बाहेर बसवलेला, हॅड्रॉन-वर्षावाची शेपूट पकडणारा एचओ हा भाग भारतीय संस्थांनी केला, मुंबईच्या टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा) त्यात मोठा वाटा आहे. प्रोटॉन फुटत नाही, म्हणून तो म्यूऑन भासण्याची शक्यता खूपच कमी, पण शून्य नाही.

आता शिखर कुठे बसतं ते पाहू. केऑनला म्यूऑनचं वस्तुमान दिलं की वर्गात ०.२३२६ ची घट, गुणिले (१ अधिक दुसऱ्याच्या ऊर्जेचं गुणोत्तर). बी-एस ते दोन केऑन या क्षयात दोघांची ऊर्जा सारखी असेल तर एकूण घट ०.९३, आणि वस्तुमान ५.३६७ वरून ५.२७९५ वर येतं. बी-शून्यचं वस्तुमान ५.२७९७. खोटं शिखर नेमकं बी-शून्यच्या जागी! ऊर्जा असमान असेल तर ते आणखी खाली सरकतं, दुप्पट-निम्मीला ५.२६८. वर कधीच जात नाही. म्हणून आकार एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला शेपूट असा घ्यायचा. बी-शून्य ते केऑन-पायॉन ४६ एमईव्ही खाली, ५.२३४ वर बसतो.

किती येतात? केऑन-पायॉनचं प्रमाण लाखात १.९६. हॅड्रॉन म्यूऑन भासण्याची शक्यता हजारात १ धरली तर दोघांचा गुणाकार दशलक्षात १, आणि परिणाम बी-शून्य ते दोन म्यूऑन या क्षयाच्या, म्हणजे १०० अब्जात १०.३ च्या, पाचव्या हिश्शाएवढा. शक्यता हजारात ३ झाली तर नऊपट: खोटे खऱ्यांच्या १.७ पट. ओळखीतली तिप्पट ढिलाई नऊपटीने महाग पडते, म्हणून म्यूऑन-ओळखीचा कट बाकी सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा कडक.

ही शक्यता डेटातून काढायची. डी-स्टारच्या क्षयातून केऑन आणि पायॉन, लॅम्डाच्या क्षयातून प्रोटॉन ओळखता येतो. नमुन्याच्या ट्रिगरमध्ये तोच हॅड्रॉन म्यूऑन म्हणून ट्रिगर करणारा नसावा, नाहीतर शक्यता फुगून येते. आमच्या पहिल्या मोजणीत नेमकं हेच झालं होतं.

१८ जुलै : न्यूट्रिनो हरवलेले

बी-शून्य ते पायॉन-म्यूऑन-न्यूट्रिनो, बी-एस ते केऑन-म्यूऑन-न्यूट्रिनो, लॅम्डा-बी ते प्रोटॉन-म्यूऑन-न्यूट्रिनो. यांत एकच हॅड्रॉन खोटा व्हावा लागतो, आणि प्रमाण दहा हजारात एक ते चार. न्यूट्रिनोमुळे वस्तुमान घसरतं, पण शेपटाचं टोक बी-शून्यपर्यंत येतं. लॅम्डा-बी मुळात ५.६२ जीईव्हीचा, त्यामुळे त्याचं शेपूट बी-एसच्या शिखराच्या जागेपर्यंतही पोचतं. खालची बाजूपट्टी यांनीच भरलेली असते, म्हणून तिच्यावरून सरळ रेष ओढून मधली पार्श्वभूमी काढली तर ती जास्त येते.

२२ जुलै : बीडीटी (निर्णय-वृक्षांवर आधारलेलं यंत्र-शिक्षण)

सिग्नल सिम्युलेशनमधून, पार्श्वभूमी फक्त वरच्या बाजूपट्टीतून, ५.४५ ते ५.९ जीईव्ही. घटना-क्रमांकाला तीनने भागून उरणाऱ्या बाकीवर तीन गट केले. दोन गटांवर शिकवायचं आणि तिसऱ्यावर लावायचं, आळीपाळीने. शिकवलेल्याच घटनांवर लावलं तर बाजूपट्टी रिकामी दिसते आणि पार्श्वभूमी शून्य असल्याचा भास होतो.

बीडीटी वस्तुमान शिकतं का, हे तपासणं सर्वांत आधी. दोन्ही म्यूऑनचे संवेग आणि मधला कोन एकत्र दिले की वस्तुमान दिल्यासारखंच होतं. आम्ही कोन काढून टाकला. आयसोलेशन उलटं केलेल्या घटनांवर बीडीटीचा कट वाढवत नेऊन वस्तुमानाचा आकार पाहतो. मध्ये टेकडी उठली तर तो चल बाद.

३० जुलै : बंद खिडकी

५.२० ते ५.४५ जीईव्ही पाहायचं नाही. नुसता हिस्टोग्राम न काढणं पुरेसं नाही. या घटना पहिल्या चाळणीतच वेगळ्या फाइलमध्ये टाकल्या आणि तिची वाचण्याची परवानगी काढून घेतली. अपेक्षित घटना दोन-तीन असताना एक घटना आत येईल असा कट निवडणं माणसाला न कळत जमतं, हेतू कितीही स्वच्छ असला तरी.

५ ऑगस्ट : सिग्मा किती

सिग्नल १०, पार्श्वभूमी ५ अशी उदाहरणाची मांडणी घेतली. सिग्नल भागिले पार्श्वभूमीचं वर्गमूळ ४.४७ देतं. पुस्तकी सवय, पण लहान आकड्यांना खोटी. पॉइसनवर आधारलेलं लाइकलिहुडचं सूत्र ३.६० देतं. पार्श्वभूमीत २० टक्के अनिश्चितता घातली की ३.१५. एकाच डेटाला "साडेचार" आणि "जेमतेम तीन" दोन्ही म्हणता येतं, म्हणून कुठल्या सूत्राने हे प्रत्येक ठिकाणी लिहायचं.

टॉय प्रयोगांचा (संगणकावर बनवलेल्या नकली प्रयोगांचा) खर्चही मांडला. ३ सिग्मासाठी एक लाख टॉयमध्ये १३५ शेपटात पडतात, तेवढं पुरे. ५ सिग्मासाठी ३५ लाखांत एक. शेपटात शंभर हवे तर ३५ कोटी. तिथे लाइकलिहुडचं सूत्रच वापरायचं, आणि ते ३ सिग्मापर्यंत टॉयशी जुळतं हे दाखवायचं.

बी-शून्यची संख्या फिटमध्ये शून्याखाली जाऊ द्यायची नाही असं बंधन घातलं तर टॉयची सरासरी वर सरकते. उणे जाऊ दिलं तर एकूण आकार कुठेतरी ऋण होतो आणि मिन्यूइट हा फिटचा प्रोग्राम अडतो. उणे जाऊ द्यायचं, पण एकूण आकार धन राहील इतकंच, हा मार्ग चालला. काहीच न दिसल्यास मर्यादेची पायाभूत संख्या लक्षात ठेवायची: पार्श्वभूमीशिवाय शून्य घटना म्हणजे ९५ टक्के खात्रीने ३.० पेक्षा कमी.

१३ ऑगस्ट : आयुष्य

स्टँडर्ड मॉडेलमध्ये बी-एसची फक्त जड, लांब जगणारी अवस्था दोन म्यूऑनमध्ये जाते, आयुष्य १.६२ पिकोसेकंद. हलकी अवस्था सुमारे १.४३. नवे अदिश कण हे मिश्रण बदलू शकतात, तेही एकूण प्रमाण तसंच ठेवून. म्हणून आयुष्य ही दुसरी, स्वतंत्र खिडकी. सीएमएसचा आकडा १.८३, अनिश्चितता साधारण ०.२. अजून फार काही सांगत नाही, पण घटना वाढतील तसा हाच आकडा बोलू लागेल.

आमच्यासाठी तातडीचा परिणाम वेगळा: उड्डाणाच्या कटची कार्यक्षमता आयुष्यावर अवलंबून आहे. सिम्युलेशन १.५२ वर चाललं होतं. घटनांना नवं वजन देऊन ते १.६२ वर आणलं, कार्यक्षमता थोडी वाढली, आणि ४ जुलैचं गुणोत्तर पुन्हा काढावं लागलं.

२० ऑगस्ट : खिडकी अजून बंद

उघडण्याआधी तीन गोष्टी बाकी आहेत. जे-सायच्या ट्रिगरमध्ये उड्डाणाची अट आधीच असते आणि बी-एसच्या ट्रिगरची अट वेगळी, म्हणून गुणोत्तरात ती खाल्ली जात नाही. दोन्ही ट्रिगरची कार्यक्षमता उड्डाणाच्या टप्प्यांनुसार वेगळी काढायची आहे. एकमेकांकडे वळणाऱ्या म्यूऑन-जोड्या बाहेरच्या कक्षांत एकमेकींवर चढतात आणि ट्रिगर चुकतो. त्यांची आणि दूर वळणाऱ्यांची तुलना जे-सायवर करायची. तिसरं, बी-एस ते जे-साय-फाय घटनांवर बीडीटीचं वितरण डेटा आणि सिम्युलेशनमध्ये जुळतं का ते पाहायचं. बी-प्लसवर जुळतं म्हणून बी-एसवर जुळेल, असं गृहीत धरता येत नाही.

ट्रिगरचं वाचन आज रात्रीपासून लावलं आहे.